विजेच्या बिलातलं कार्बन धोरण, ओळीओळीनं

योकोहामाहून आजचा भाग तुमच्यासाठी घेऊन आलोय. विषय आहे कार्बन उत्सर्जन कमी करण्याची सरकारी धोरणं. नाव ऐकून कुणी रेडिओ बंद करण्याआधी एक विनंती. घरातलं विजेचं ताजं बिल काढा. कागदाचं येत नसेल तर कंपनीच्या ॲपमध्ये उघडा आणि समोर ठेवा.

शिखर परिषदा, करार, २०५० सालची उद्दिष्टं हे सगळं आपल्याला फार लांबचं वाटतं. पण त्याचा हिशेब दर महिन्याला आपल्या घरी येतो. धोरण म्हणजे शेवटी काय? खर्च कुणी उचलायचा आणि कधी उचलायचा, हे ठरवणं. ते कसं ठरलंय हे बिलावर लिहिलेलं असतं. फक्त ते जपानीत असतं आणि आपण एकूण रकमेपलीकडे सहसा बघत नाही. आज तेच वाचूया.

आकडे मी तोक्यो इलेक्ट्रिकच्या सगळ्यात साध्या घरगुती प्लॅनचे देतोय, ज्याला 'ज्यूर्यो देन्तो बी' म्हणतात. तुमची कंपनी किंवा प्लॅन वेगळा असेल तर दर थोडे इकडेतिकडे होतील. ओळी मात्र बहुतेक याच असतील.

पहिली ओळ: जास्त वापर, जास्त दर

या प्लॅनमध्ये पहिल्या १२० युनिटना २९ येन ८० सेन दर आहे. १२१ ते ३०० युनिटपर्यंत ३६ येन ४० सेन, आणि ३०० च्या पुढे ४० येन ४९ सेन. महावितरणच्या बिलावर स्लॅब बघत मोठे झालेल्या आपल्या पिढीला हे नवीन नाही.

जपानमध्ये ही पद्धत १९७४ साली आली. त्याच्या आदल्या वर्षी तेलाचे भाव कडाडले होते. गरजेपुरती वीज स्वस्त, चैनीची वीज महाग, असा तो सरळ विचार. तेव्हा कार्बनचं नावही कुणी घेत नव्हतं. तरी 'कमी जाळा' हे सांगण्याचा सगळ्यात जुना सरकारी मार्ग आजही आपल्या बिलात पहिल्या जागेवर आहे.

दुसरी ओळ: इंधन समायोजन

पुढची ओळ 'नेन्र्योहि चोसेई'. महावितरणच्या बिलावर हिलाच 'इंधन समायोजन आकार' म्हणतात. कोळसा, तेल आणि द्रवरूप नैसर्गिक वायू यांच्या आयात किमती वर गेल्या की ही रक्कम वाढते, खाली आल्या की कमी होते. कधीकधी ती उणे चिन्हासकट येते, म्हणजे बिलातून वजा होते.

या ओळीचा योकोहामाशी जुना संबंध आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये 'पोलर अलास्का' नावाचं जहाज अलास्काहून द्रवरूप वायू घेऊन आपल्या नेगिशी बंदरात आलं. जपानमध्ये असा वायू पहिल्यांदा उतरला तो इथे. उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव केलेला वायू जहाजातून आणायचा, इथे पुन्हा वायू करायचा आणि जाळायचा. कोळसा आणि तेलापेक्षा त्याचा धूर कमी, म्हणून त्या काळात तो हवा स्वच्छ ठेवण्याचा उपाय होता.

पण इंधन शेवटी परदेशातून आलेलं. २०२३-२४ मध्ये जपानची ऊर्जेची स्वतःची सोय फक्त १५.३ टक्के होती. बाकी सगळं बाहेरून, आणि तेही डॉलरमध्ये. म्हणून युक्रेनमध्ये युद्ध पेटलं किंवा येन घसरला की त्सुरुमीतल्या दोन खोल्यांच्या घराचं बिल वाढतं. स्वच्छ ऊर्जेकडे वळण्यामागे जपानला हवामानाइतकीच ही काळजी आहे.

तिसरी ओळ: साइएने फुकाकिन

आता आजची मुख्य ओळ. बिलावर 'साइएने' या अक्षरांनी सुरू होणारी, 'फुकाकिन'वर संपणारी. अर्थ: पुनर्निर्मित ऊर्जेसाठीचा अधिभार. २०२५-२६ साठी तो युनिटमागे ३ येन ९८ सेन होता. महिन्याला ४०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला १,५९२ येन. वर्षाचे १९ हजारांहून थोडे जास्त. २०१२ मध्ये हा अधिभार सुरू झाला तेव्हा तो २२ सेन होता, म्हणजे तेवढ्याच वापराला महिन्याला ८८ येन.

हे पैसे जातात कुठे? यासाठी आपल्याकडचा एक शब्द पुरेसा आहे: हमीभाव.

११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर फुकुशिमाच्या अणुकेंद्रात दुर्घटना झाली आणि देशातल्या अणुभट्ट्या एकेक करून बंद होत गेल्या. त्या मार्चमध्ये योकोहामाच्या अनेक भागांत पाळीपाळीनं वीज जात होती. इथल्या लोकांसाठी तो नवा अनुभव होता. आपल्याला लोडशेडिंग नवं नव्हतं! त्यानंतर जुलै २०१२ मध्ये सरकारनं सौर, पवन, जलविद्युत, भूऔष्णिक आणि जैवइंधनापासूनच्या विजेला हमीभाव जाहीर केला. घराच्या छतावरच्या सौर विजेला युनिटमागे ४२ येन, दहा वर्षं. मोठ्या प्रकल्पांना वीस वर्षं. वीज कंपनीनं ती त्या भावानं विकत घ्यायचीच.

कापसाच्या किंवा तुरीच्या हमीभावात आणि यात फरक एवढाच की सरकारी खरेदीत बाजारभाव आणि हमीभाव यांतला फरक सरकारी तिजोरीतून जातो. इथे तो फरक सगळ्या वीजग्राहकांत युनिटच्या प्रमाणात वाटला जातो. तो वाटा म्हणजे फुकाकिन.

हे कळलं की एक कोडंही सुटतं. २०२२-२३ मध्ये अधिभार ३ येन ४५ सेन होता, पुढच्या वर्षी तो एकदम १ येन ४० सेनवर आला आणि नंतर पुन्हा ३ येन ४९ सेन झाला. असं का? युद्धामुळे विजेचा बाजारभावच चढला होता. बाजारभाव वर गेला की हमीभावाशी असलेलं अंतर कमी होतं, म्हणून अधिभार उतरला. म्हणजे त्या वर्षी बिलाची दुसरी ओळ रडवत होती आणि तिसरी ओळ थोडे डोळे पुसत होती.

एप्रिल २०२२ पासून मोठ्या प्रकल्पांसाठी नियम बदललाय. त्यांनी वीज बाजारात विकायची आणि वर ठरावीक प्रोत्साहन रक्कम घ्यायची. आपल्याकडच्या भावांतर योजनेसारखं. त्यामुळे जेव्हा विजेची खरी गरज आहे तेव्हा ती विकण्याकडे त्यांचा कल राहतो.

हे न्याय्य आहे का?

माझं रोजचं काम कंपन्यांच्या सिस्टीमचा खर्च कोणत्या खात्यात पडतो ते शोधणं. त्या सवयीनं इथे बघितलं की एक गोष्ट खटकते. छत ज्याचं त्याला हमीभाव मिळतो. अधिभार मात्र सगळे भरतात. आपल्यातली बरीच कुटुंबं भाड्याच्या मॅन्शनमध्ये किंवा दान्चीत राहतात. छत आपलं नाही, पॅनेल लावायची सोय नाही, तरी २०२५-२६ च्या दरानं वर्षाला एकोणीस हजार येन जातात. दुसरीकडे प्रचंड वीज लागणाऱ्या काही उद्योगांना याच अधिभारात मोठी सवलत आहे. आणि कंपनी बदलूनही तो चुकत नाही, कारण दर देशभर एकच आहे.

मग पैसे वाया गेले का? तसं मला वाटत नाही. २०११-१२ मध्ये जपानच्या विजेत पुनर्निर्मित ऊर्जेचा वाटा साधारण १० टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो २२.९ टक्के झाला. बाजार मोठा झाल्यावर पॅनेल स्वस्त झाले, आणि २०१२ मधले ४२ येन २०२५ च्या एप्रिलपर्यंत १५ येनवर आले. शिवाय २०१२ च्या चढ्या दराचे मोठ्या प्रकल्पांचे करार २०३२ पासून संपायला लागतील. तेव्हा या ओळीवरचं सगळ्यात जड ओझं उतरू लागेल. आपण आज भरतोय ते बरंचसं सुरुवातीच्या वर्षांचं देणं आहे.

तरीही भाडेकरूंसाठी वेगळी सोय हवी, हे माझं मत आहे. त्या दिशेनं एक आशा आपल्या शहरातूनच आली. आओबा वॉर्डातल्या तोइन विद्यापीठात प्राध्यापक मियासाका त्सुतोमु यांच्या गटानं २००९ मध्ये पेरोव्स्काइट सौरघटावरचं पहिलं संशोधन प्रसिद्ध केलं. हे घट पातळ आणि वाकणारे करता येतात. जड पॅनेल न पेलणारी छतं आणि इमारतींच्या भिंती यांवर ते बसवता येतील अशी अपेक्षा आहे. त्यासाठी लागणाऱ्या आयोडीनचं जगातलं सुमारे ३० टक्के उत्पादन जपानमध्ये होतं. सरकारनं २०४० पर्यंत अशा २० गिगावॉट क्षमतेचं लक्ष्य ठेवलंय. ते साधलं तर 'छत ज्याचं, फायदा त्याचा' हे गणित थोडं बदलेल.

चौथी ओळ: सूट

२०२५ च्या उन्हाळ्याची बिलं जपून ठेवली असतील तर त्यांत 'नेबिकि', म्हणजे सवलत दिसेल. जुलै आणि सप्टेंबरच्या वापरावर युनिटमागे २ येन, ऑगस्टच्या वापरावर २ येन ४० सेन. ती सरकारनं दिली. म्हणजे एकाच कागदावर सरकार स्वच्छ ऊर्जेसाठी ३ येन ९८ सेन घेत होतं आणि महागाईवर उपाय म्हणून २ येन ४० सेन परत देत होतं, ती वीज कोळशाची का असेना!

पेट्रोलवरही हेच. जपानचा कार्बन कर ऑक्टोबर २०१२ मध्ये आला. आज तो टनाला २८९ येन आहे. पेट्रोलच्या लिटरमागे हिशेब केला तर ७६ सेन. ४० लिटरची टाकी भरली तर तीस येन. त्याच वेळी २०२५ च्या उन्हाळ्यात पेट्रोलवर लिटरला १० येन सरकारी मदत होती, म्हणजे त्याच टाकीमागे ४०० येन. एका हातानं तीस घेऊन दुसऱ्या हातानं चारशे दिले, तर गाडी कमी वापरा हा निरोप कुणापर्यंत पोचेल?

सरकारची अडचणही समजण्यासारखी आहे. ज्यांना गाडीशिवाय पर्याय नाही आणि ज्यांचं उत्पन्न कमी आहे, त्यांना महागाई आधी बोचते. पण गरजूंना थेट मदत देणं वेगळं आणि इंधन सगळ्यांसाठीच स्वस्त करणं वेगळं. दुसऱ्यात मोठी गाडी चालवणाऱ्याला मदतही मोठी मिळते.

भारतानं अशी वाट जपानच्याही आधी धरली होती. २०१० मध्ये कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. पुढे जीएसटी आल्यावर ते पैसे राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळले. कर लावणं एक आणि तो ठरल्या कामाला वापरणं दुसरं, हा धडा दोन्ही देशांना लागू आहे.

पाचवी ओळ: अजून न छापलेली

ही ओळ बिलावर दिसत नाही, पण पुढे किमतीत मिसळून येणार आहे. जपानमध्ये तिला 'जीएक्स' म्हणतात, ग्रीन ट्रान्सफॉर्मेशन. २०२३ मध्ये त्यासाठी कायदा झाला. सरकार दहा वर्षांत २० लाख कोटी येनचे रोखे काढून उद्योगांना बदलासाठी पैसे देणार. पहिले रोखे फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. ते फेडायचे कसे? कार्बनवर किंमत लावून.

त्याचे तीन टप्पे आहेत. एप्रिल २०२६ पासून वर्षाला एक लाख टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड थेट सोडणाऱ्या कंपन्यांना उत्सर्जन व्यापारात सक्तीनं सामील व्हायचंय. अशा तीनशे ते चारशे कंपन्या आहेत आणि देशाच्या उत्सर्जनातला सुमारे ६० टक्के वाटा त्यांचा. प्रत्येकीला ठरावीक कोटा. कमी सोडला तर उरलेला विकायचा, जास्त सोडला तर विकत घ्यायचा. दुसरा टप्पा २०२८-२९ चा: कोळसा, तेल, वायू आयात करणाऱ्यांवर आकार. तिसरा २०३३-३४ चा: वीज कंपन्यांना कोट्याचा काही भाग लिलावात विकत घ्यावा लागेल.

आधी पैसे द्यायचे, किंमत नंतर वाढवत न्यायची, असा हा क्रम आहे. उद्योगांना तयारीला वेळ मिळतो, ही त्याची चांगली बाजू. पण बिल पुढच्या पिढीकडे सरकतं, हेही खरं. हे रोखे २०५० पर्यंत फेडायचेत. आज बालवाडीत, योचिएनमध्ये असलेली आपली मुलं तेव्हा कमावती असतील.

उद्दिष्टं आणि आजची जागा

उद्दिष्टं थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२० मध्ये पंतप्रधान सुगा योशिहिदे यांनी २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाची घोषणा केली. २०१३ च्या तुलनेत २०३० ला ४६ टक्के, २०३५ ला ६० टक्के आणि २०४० ला ७३ टक्के घट, असे पुढचे टप्पे आहेत. २०२३-२४ पर्यंत २७.१ टक्के घट झाली होती. भारताचं निव्वळ शून्याचं वर्ष २०७०.

वीज मात्र २०२३-२४ मध्येही ६८.६ टक्के औष्णिक होती. २०४० पर्यंत ती ३० ते ४० टक्क्यांवर आणायची, पुनर्निर्मित ४० ते ५० टक्के आणि अणुऊर्जा सुमारे २० टक्के करायची, अशी फेब्रुवारी २०२५ ची योजना सांगते. आणि त्याच योजनेत विजेची गरज वाढणार असंही म्हटलंय. कारण काय? डेटा सेंटर आणि चिपचे कारखाने. म्हणजे आमच्याच आयटी क्षेत्राची भूक.

योकोहामानं काय केलं

सगळं वरूनच ठरतं असं वाटत असेल तर इसोगोची गोष्ट ऐका. १९६४ मध्ये तिथे कोळशावरचं वीजकेंद्र येणार होतं. शेजारचे रहिवासी आणि डॉक्टर धास्तावले होते. देशात प्रदूषणाचा मूलभूत कायदा व्हायला अजून तीन वर्षं होती. भराव घालून केलेल्या त्या जमिनीच्या व्यवहारात शहराचा शब्द चालत होता. महापौर असुकाता इचिओ यांच्या प्रशासनानं तोच धागा पकडला आणि धूर, गंधक यांबद्दलच्या अटी कंपनीकडून लेखी मान्य करून घेतल्या. पुढे देशभरच्या गावांनी आणि शहरांनी ही 'योकोहामा पद्धत' उचलली.

ते केंद्र २००२ आणि २००९ मध्ये नव्यानं उभं राहिलं. आता तिथून काळा धूर निघत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र निघतोच, कारण तो गाळून टाकता येत नाही. दिसणारं प्रदूषण आटोक्यात आलं, न दिसणारं राहिलं. आजच्या धोरणांची खरी अडचण हीच आहे.

दुसरी गोष्ट आपल्या रोजच्या कचऱ्याची. २००३ मध्ये शहरानं 'जी-३०' योजना आणली: २०१० पर्यंत कचरा ३० टक्क्यांनी कमी करायचा. ठिकठिकाणी सभा घेऊन वर्गीकरण समजावलं. २००१-०२ मधला सुमारे १६ लाख टन कचरा २००७-०८ पर्यंत १० लाख टनांवर आला, तोही लोकसंख्या वाढत असताना. दोन कचराभट्ट्या बंद करता आल्या आणि त्या नव्यानं बांधण्याचा सुमारे ११० अब्ज येनचा खर्च वाचला. एप्रिल २०२५ पासून सगळ्या १८ वॉर्डांत प्लॅस्टिकच्या वस्तूही वेष्टनांबरोबर वेगळ्या द्यायच्या आहेत. प्लॅस्टिक तेलापासूनच बनतं, ते जाळलं की कार्बन हवेत जातो. म्हणून मोडका डबा चुकीच्या पिशवीत टाकू नका, हेही हवामान धोरणच.

शहरात वीज वापरणारे खूप आणि मोकळी जागा थोडी. म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये योकोहामानं तोहोकूमधल्या बारा गावं-शहरांशी स्वच्छ वीज घेण्यासाठी करार केला. त्यांतल्या आओमोरीतल्या एका गावाचं नावही योकोहामाच आहे!

आपल्या हातात काय

भाड्याच्या घरात असाल तर करार किती अँपिअरचा आहे ते बघा. दर १० अँपिअरला महिन्याचा स्थिर आकार सुमारे ३१२ येन आहे. गरज नसेल तर कमी करता येतो. २०१६ च्या एप्रिलपासून घरगुती ग्राहकाला कंपनी निवडता येते. 'हिरवी वीज' म्हणणाऱ्या कंपनीला वीज कुठून येते आणि प्रमाणपत्र आहे का, हे विचारा.

स्वतःचं घर असेल तर ऑक्टोबर २०२५ पासूनचा नवा दर समजून घ्या. पहिली चार वर्षं २४ येन, पुढची सहा वर्षं ८ येन ३० सेन. दुसरीकडे विकत घेतलेली वीज अधिभारासकट चाळीस येनच्या आसपास पडते. म्हणजे पाचव्या वर्षापासून वीज विकण्यापेक्षा स्वतः वापरणं कितीतरी फायद्याचं. वॉशिंग मशीन आणि पाणी तापवणं दुपारी उरका.

आणि गावाकडच्या घरासाठी. मुंबई १९६५ पासून योकोहामाचं भगिनी शहर आहे, तेव्हा एवढं नातं सांगायला हरकत नाही! फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या लिफ्ट आणि पंपासाठी किलोवॉटमागे १८ हजार. आई-बाबांच्या घरी जोडणी कुणाच्या नावावर आहे ते आधी तपासा. आजोबांच्या नावावरचा मीटर बदलायला पॅनेलपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. अर्ज सरकारी पोर्टलवरच करा, फोनवर ओटीपी मागणाऱ्याकडे नाही.

शेवटचं. आपल्याला इथे मतदानाचा हक्क नाही, पण कर आणि अधिभार आपण भरतो. सरकार नव्या नियमांचे मसुदे लोकांच्या मतांसाठी खुले करतं आणि तिथे मत कळवायला नागरिकत्व लागत नाही. जपानीत दोन ओळी पुरतात, आणि त्या लिहायला घरातली शाळकरी मुलं आनंदानं मदत करतील. 'आम्ही भाडेकरू अधिभार भरतो, आमच्यासाठी काय सोय आहे?' एवढा प्रश्न विचारला तरी चालेल.

पुढचं बिल आलं की एकूण रकमेच्या आधी तिसरी ओळ शोधा आणि घरात सगळ्यांना तिचा अर्थ सांगा. आज इथेच थांबतो.